आत्याची गोष्ट प्रबंधात छापली गेली: संशोधकाने परवानगी घ्यायची ती कुणाची आणि कशाकशाची?

जोंधळा | रविवार, रात्री ९.१०

मंडळी, महिनाभर डोक्यात घोळतंय, आज लिहितेच.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात. चुलतभावाचा मुलगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, त्याचा विषय समाजशास्त्र. नोट्स शोधताना त्याला एक जुना पीएच.डी.चा प्रबंध सापडला, १९९१ सालचा, इंग्रजीतला. त्याने मला पीडीएफ पाठवली आणि खाली एवढंच लिहिलं, "हे आपलं गाव आहे ना?"

गावाचं नाव बदललंय, माणसांची नावंही बदललीत. पण दुसऱ्या प्रकरणात हाताने काढलेला नकाशा आहे. ओढा, दोन वेशी, पिंपळाचा पार, मारुतीचं देऊळ, देवळामागे पिठाची गिरणी. कोपऱ्यात बाण काढून लिहिलंय, साखर कारखाना ११ किमी. पंचक्रोशीतलं शेंबडं पोरही ओळखेल.

पान १४३ वर "गिरणी चालवणारी विधवा, वय अंदाजे ३५" येते. ती माझी आत्या. नवरा गेल्यावर गिरणी चालवणारी बाई गावात ती एकटीच होती. दिराने जमीन कशी नावावर करून घेतली, तिने माहेरी काय सांगितलं आणि काय लपवलं, रात्री दाराला कोण धडका द्यायचं, सगळं अडीच पानांत आहे. यातलं निम्मं माझ्या वडिलांनाही माहीत नव्हतं. प्रबंध लिहिणारे सर वर्षभर गावात राहिले होते. आत्याकडे जेवायला असायचे. तिने चुलीपाशी बसून सांगितलं असणार.

प्रबंध वाईट नाही हो. आत्याबद्दल इतक्या मायेने कुणी लिहिलेलं मी कधी वाचलं नव्हतं. म्हणून तर जास्त कालवाकालव झाली. शेवटी आठ-दहा फोटो आहेत, पण स्कॅन असं झालंय की चेहऱ्यांच्या जागी नुसते काळे डाग.

आत्या आता सत्तरीत आहे. दीर अजून आहेत, त्यांची नातवंडं इंग्रजी माध्यमात शिकतात. हे प्रबंध कपाटात होते तोवर ठीक होतं, आता एका शोधात सापडतात. नाव बदललं की संशोधकाची जबाबदारी संपते का? आणि मी आत्याला हे सांगू का?

अनुस्वार | रविवार, रात्री ९.३२

बाप रे. वाचनखूण साठवली, उद्या सविस्तर लिहितो. तूर्त एकच: आत्याला सांगू नकोस. पस्तीस वर्षांची खपली कशाला काढायची?

अवांतर: लोकांमध्ये राहून त्यांच्याबद्दल लिहायचं, या 'एथ्नोग्राफी'ला मराठीत काय म्हणायचं? 'वांशिकी' अजिबात पटत नाही, वंशाचा इथे काय संबंध?

पाटी_पेन्सिल | रविवार, रात्री १०.१५

@अनुस्वार, वर्गात मी 'क्षेत्रकार्य' आणि 'सहभागी निरीक्षण' हे शब्द वापरते. 'लोकवर्णन' हाही शब्द बरा आहे. मुलं मात्र सरळ 'फील्ड' म्हणतात. "मॅडम, फील्डला चाललो."

जोंधळा, तुझ्या प्रश्नाने आमच्या विषयाच्या नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंयस. मी बावीस वर्षं महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडं लांबण लावते.

गावाला टोपणनाव द्यायची रीत आपल्याकडे पहिल्यापासूनची. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या ज्या गावात राहिले त्याला त्यांनी 'रामपुरा' म्हटलं. दुसरे समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेते यांनी तंजावरकडच्या गावाला 'श्रीपुरम' म्हटलं. आपल्याला शिकवताना हे सगळं कौतुकाने शिकवलं गेलं, पण गावातल्या माणसाला आपला चेहरा त्यात दिसला तर त्याचं काय होतं, हे कुणी शिकवलं नाही.

आयर्लंडमधलं उदाहरण तुझ्या आत्याच्या फार जवळचं आहे. नॅन्सी शेपर-ह्यूज ही अमेरिकन मानवशास्त्रज्ञ १९७४ मध्ये नवरा आणि लहान मुलांसह तिथल्या एका खेड्यात राहिली. अविवाहित राहिलेले शेतकरी आणि त्यांच्यातले मानसिक आजार हा तिचा विषय. १९७९ मध्ये पुस्तक आलं, गावाला नाव दिलं 'बॅलीब्रॅन'. पुस्तकाला पुरस्कार मिळाला, पण एका पत्रकाराने गाव हुडकून काढलं आणि गावकऱ्यांनी पुस्तक वाचलं. कोण कुणाबद्दल काय बोललं, कुठल्या घरात कोण आजारी आहे, सगळं त्यांना ओळखू आलं. वीस वर्षांनी, १९९९ मध्ये, ती पुन्हा गेली तेव्हा गावाने तिला निघून जायला सांगितलं. नंतरच्या आवृत्तीत तिने जे लिहिलंय ते मी दरवर्षी मुलांना सांगते. तिचं म्हणणं असं की टोपणनावामुळे लिहिणाराच सैलावतो. समोर बसून ज्या अदबीने आपण बोलतो, ती अदब लिहिताना सुटते, कारण "नाव तर बदललंय" असं आपण मनाशी धरून चालतो.

तुमच्या सरांच्या नकाशात नेमकं हेच झालंय. नाव बदललं आणि ओढा तसाच ठेवला.

चावडी | रविवार, रात्री १०.५०

मी थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नका.

आत्याच्या दिराने जमीन हडपली, हे कुणीतरी लिहायलाच हवं होतं. सरांनी ते पान गाळलं असतं तर गावातल्या विधवेच्या जमिनीचं काय होतं हे कधी नोंदलंच गेलं नसतं. प्रत्येकाची परवानगी घ्यायची म्हटली तर दिराचीही घ्यावी लागेल. तो देईल?

लॉरा नेडर या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ बाईंनी १९७२ मध्येच विचारलं होतं की तुम्ही कायम गरिबांच्याच झोपडीत का शिरता? बँका, कंपन्या, सरकारी कचेऱ्या यांच्यावर क्षेत्रकार्य का करत नाही? मला त्याचं साधं उत्तर दिसतं. झोपडीला दार नसतं. साहेबाच्या दाराशी शिपाई असतो. संमतीपत्राचा नियम कडक केलात तर शिपायाच्या जोडीला एक कागदही येईल.

सिएटलकर | सोमवार, सकाळी ६.४०

चावडी, मुद्दा जोरकस आहे, पण आडून केलेल्या संशोधनाचीही दुसरी बाजू बघा. लॉड हम्फ्रीज नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात अमेरिकेत सार्वजनिक स्वच्छतागृहांमध्ये भेटणाऱ्या समलिंगी पुरुषांचा अभ्यास केला. तिथे तो पहारेकरी म्हणून उभा राहायचा. त्याने गाड्यांचे नंबर टिपले, नंबरांवरून पत्ते काढले आणि वर्षभराने वेश बदलून आरोग्याची पाहणी करायला म्हणून त्यांच्या घरी गेला. ही माणसं चारचौघांसारखी संसारी आहेत हा त्याचा निष्कर्ष त्या समाजाच्या भल्याचाच होता. पण ती यादी पोलिसांच्या हाती लागली असती तर? तेव्हा हा तिथे गुन्हा होता. हेतू चांगला असला तरी जोखीम समोरच्याची होती आणि त्याला तिचा पत्ताच नव्हता.

मी इथे न्यू जर्सीतल्या भारतीय वृद्धांमध्ये काम केलंय. इथले नियम वैद्यकातून आले. अमेरिकेतल्याच टस्कीगीत १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न देता नुसतं पाहत राहिले. ते बाहेर आल्यावर १९७४ मध्ये संशोधनाबद्दलचा कायदा झाला आणि १९७९ मध्ये संशोधनाच्या नीतीबद्दलचा बेलमाँट अहवाल आला. सुई टोचताना जो कागद लागतो तोच मग गप्पा मारतानाही लागू झाला. २०१८ च्या सुधारित नियमांत मौखिक इतिहासाला त्यातून वगळलं, पण आमच्यासारख्यांना कागद आहेच.

माझा पहिला दिवस सांगते. चार पानी संमतीपत्र घेऊन एका आजींकडे गेले. त्यांनी भजी तळली होती, चहा ठेवला होता. मी कागद पुढे केला आणि त्यांचा चेहराच उतरला. "सही कसली गं? घराची का?" मुलाने एकदा अशीच सही घेऊन गावचं घर विकलं होतं. चहा झाला, भजी झाली, त्या दिवशी त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. पुढे नीती समितीला पत्र लिहून मी तोंडी संमतीची परवानगी मिळवली. त्याला अकरा आठवडे लागले.

अनुस्वार | सोमवार, सकाळी ९.०५

सिएटलकर, भज्यांचा उल्लेख सकाळी सकाळी करणं हेही नीतिमत्तेत बसत नाही :)

बालाघाट | सोमवार, दुपारी १.२०

मी बीडची. आई-वडील वीस हंगाम ऊसतोडीला गेले. मी एमएसडब्ल्यू केलंय, आता एका संस्थेत आहे. म्हणजे माझा एक पाय ऊसतोड्यांच्या कोपीत आणि एक पाय प्रश्नावलीत.

२०१९ मध्ये बीडमधल्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर झाली. त्या वर्षी आणि पुढच्या दोन वर्षांत आमच्या वस्तीवर किती जण आले याची गणती नाही. पत्रकार, विद्यार्थी, समित्या, परदेशातल्या विद्यापीठांच्या मुली. माझ्या मावशीला पाच वेगवेगळ्या लोकांनी तोच प्रश्न विचारला: पिशवी कधी काढली, का काढली, किती खर्च आला. पाचव्या वेळी ती मला म्हणाली, "आता मी टेप लावून ठेवते. आले की बटन दाबायचं."

त्यातली एकही परत आली नाही. अहवाल तर सोडाच, "आमचं काम झालं, आम्ही असं असं लिहिलं" असा फोनसुद्धा नाही. आमच्या बायकांना तेच लागतं. पैसे नाही मागत कुणी.

पण पैशाचंही बोलते, कारण हे कुणी लिहीत नाही. फडात कामाच्या वेळी तुम्ही एका बाईला तासभर बसवता. ती 'अर्धा कोयता', नवऱ्याबरोबर मिळून एक कोयता. ती बसली की तो एकटा तोडतो, मोळ्या बांधायला कुणी नसतं, गाडी भरायला उशीर होतो. दिवस बुडाला तर मुकादम खाडा धरून उचलीतून, म्हणजे आगाऊ दिलेल्या रकमेतून, पैसे कापतो. म्हणजे तुमच्या मुलाखतीचा खर्च तिने भरला. संमतीपत्रात "सहभागामुळे कोणताही धोका नाही" असं छापलेलं असतं. असतो.

एक मुलगी वेगळी होती. पुण्याहून आली होती. पहिले आठ दिवस तिने वहीच काढली नाही. पहाटे चारला आईबरोबर उठायची, वाढं बांधू लागायची, पाचटाने हात कापून घ्यायची. नवव्या दिवशी बायका आपण होऊन बोलायला लागल्या, आणि तिने मध्येच थांबवून विचारलं, "काकू, हे लिहू की नको?" एका गोष्टीला आई नको म्हणाली. तिने समोर पान फाडून चुलीत टाकलं. आई आजही तिचं नाव काढते.

जोंधळा, आत्याला सांग. तिची गोष्ट आहे ती.

निवृत्त_गणक | सोमवार, दुपारी ३.४५

मी १९७४ ते १९८१ या काळात एका संशोधन संस्थेसाठी गावोगाव सर्वेक्षणं केली. वय आता ७६. बालाघाट यांचा प्रतिसाद वाचून जे आठवलं ते लिहितो.

आम्ही गावात उतरलो की पहिलं पाटलाच्या वाड्यावर. तिथेच मुक्काम, तिथेच जेवण. दुसरी सोयच नसे. मग पाटलाचा माणूस बरोबर देऊन आम्ही वस्तीवर जायचो. महारवाड्यातली बाई आमच्या प्रश्नाला उत्तर देताना आमच्याकडे नाही, त्या माणसाकडे बघायची. "मजुरी वेळेवर मिळते का?" "मिळते." फॉर्मवर 'होय'समोर खूण. अशा शेकडो खुणा मी केल्या आहेत आणि आज मला त्यांची लाज वाटते.

पुढे वाचनात आलं की मोठमोठ्या अभ्यासकांचंही तेच झालं. श्रीनिवास रामपुऱ्यात मुखियाच्या बैलांच्या गोठ्याच्या घरात उतरले, बेते अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणवस्तीत राहिले. त्या घरांमुळे कुठली दारं उघडली आणि कुठली बंद राहिली, याची कबुली त्यांनी आपल्या लिखाणात दिली आहे. आम्ही फॉर्म भरणारे. आमच्या फॉर्मवर कबुलीला रकाना नव्हता.

तितर | सोमवार, रात्री ८.३०

गणककाकांनी मोकळेपणाने लिहिलं म्हणून मीही लिहितो. मी फासेपारधी समाजातला.

आमच्यावर लोकवर्णन पहिल्यांदा केलं ते पोलिसांनी. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला, मग आम्ही कसे दिसतो, कुठली बोली बोलतो, पाल कुठे टाकतो, बायका काय नेसतात याची टिपणं झाली. मुंबई इलाख्याचे पोलीस अधिकारी केनेडी यांनी १९०८ मध्ये त्याचं आख्खं पुस्तक केलं. पद्धत बघा: निरीक्षण, बोलीतले शब्द, चालीरीती. आज वर्गात शिकवतात तीच. ते वाचून माणसाला तारेच्या कुंपणात घालायचे, एवढाच फरक. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माझे पणजोबा होते. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायद्यातून सुटलो, पण ठाण्यात अजून त्याच नजरेने बघतात.

म्हणून कुणी वही घेऊन पालावर आला की आमची म्हातारी माणसं आधी विचारतात, "कुठल्या ठाण्याचा?"

चार वर्षांपूर्वी एक पोरगा आला, चांगला होता. त्याने जिल्ह्यात कुठे कुठे आमची पालं पडतात याचा नकाशा केला होता, मोबाईलवरून ठिकाणं टिपून. शिक्षणाच्या सोयी दाखवायला. मी म्हणालो, दादा, तुझा हेतू सोन्यासारखा, पण हा कागद चोरी झालेल्या रात्री कुणाच्या हातात जाईल सांग. तो बराच वेळ गप्प बसला. मग नकाशा काढून त्याने नुसते तालुक्यानुसार आकडे दिले. मार्गदर्शक नाराज झाले म्हणे, प्रकरण 'कच्चं' पडलं.

आता आमच्यातलीच पोरं पीएच.डी. करतात. तरी त्यांनी अनुभव गोळा करायचे आणि सिद्धांत दुसऱ्याने मांडायचा, ही वाटणी गेलेली नाही. राज्यशास्त्राचे अभ्यासक गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये हेच लिहिलं, सिद्धांतवाले ब्राह्मण आणि तपशील आणणारे शूद्र. मला त्या लेखाने उभं केलं.

पाटी_पेन्सिल | सोमवार, रात्री ९.१०

तितर, तुमचा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवू का? तुमची परवानगी असेल तरच. आणि नाव लिहायचं की नाही तेही सांगा.

नकाशाबद्दल तुम्ही जे म्हणालात त्यात एक भर घालते. संशोधकाला कायद्याचं कवच नसतं. वकिलाला अशिलाचं बोलणं गुप्त ठेवता येतं, समाजशास्त्रज्ञाला नाही. अमेरिकेत १९९३ मध्ये रिक स्कार्स या विद्यार्थ्याने प्राणीहक्कांच्या चळवळीतल्या लोकांशी झालेलं बोलणं न्यायालयाला सांगायला नकार दिला. त्याने १५९ दिवस तुरुंगात काढले. आपल्याकडे वैद्यकीय चाचण्यांना नीती समिती कायद्यानेच लागते, तसा कायदा आमच्या क्षेत्रकार्याला नाही. 'सेहत' या मुंबईच्या संस्थेच्या पुढाकाराने २००० साली आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी मार्गदर्शक तत्त्वं तयार झाली, ती मी मुलांना देते. पण चांगलं वागणं अजून बरंचसं माणसावरच सोडलेलं आहे.

तितर | सोमवार, रात्री ९.२२

वाचा मॅडम. नाव 'तितर'च राहू द्या. विचारलंत, बरं वाटलं.

हर्षल८८ | सोमवार, रात्री ११.०५

आमच्या पिढीचं थोडं सांगतो. मी पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझं क्षेत्र म्हणजे डिलिव्हरी करणाऱ्या मुलांचे व्हॉट्सॲप ग्रुप. एका मुलाने मला ग्रुपमध्ये घेतलं, ॲडमिनने हो म्हटलं. पण ग्रुपमध्ये २१४ जण, रोज चार नवे येतात, सहा जातात. कुणाकुणाची संमती घेऊ? मी दर सोमवारी एक मेसेज टाकतो: मी अमुक, अभ्यासासाठी इथे आहे, ज्याला नको असेल त्याने सांगा, तुमचं काही घेणार नाही. पहिल्यांदा टाकला तेव्हा सात जण ग्रुप सोडून गेले. मार्गदर्शक म्हणाले कशाला टाकलास. पण मला झोप लागते.

टोपणनावही आता पुरत नाही. कुणाचं वाक्य जसंच्या तसं छापलं आणि ते गूगलमध्ये टाकलं की मूळ धागा उघडतो. म्हणून आम्ही वाक्यं आशय ठेवून फिरवून लिहितो.

आणखी एक नवं प्रकरण. माझ्या ओळखीतले बरेच जण मुलाखतीचा ऑडिओ एखाद्या ॲपवर चढवतात, पाच मिनिटांत लिहून मिळतं. पूर्वी रात्र रात्र हेडफोन लावून बसायला लागायचं. पण बोलणाऱ्याने संमती मला दिली होती, त्या कंपनीला नाही. मी अजून हाताने लिहून काढतो. मराठवाडी बोली ॲपला कळतही नाही म्हणा.

श्रीनिवासांची टिपणं २४ एप्रिल १९७० ला स्टॅनफर्डमधल्या जाळपोळीत जळाली, तिन्ही प्रती. मग त्यांनी आठवणीतून पुस्तक लिहिलं, ते १९७६ मध्ये आलं. आम्हाला उलटी धास्ती आहे. आमचं काहीच जळत नाही.

चावडी | सोमवार, रात्री ११.३०

हर्षल, मग आपला हा धागा? उद्या कुणी यावरच पेपर लिहिला तर? इथे सगळं उघड आहे, कुणीही वाचतं.

बालाघाट | मंगळवार, सकाळी ७.५०

उघड असलं तरी पारावर बोललेलं वेगळं आणि माजघरात बोललेलं वेगळं. मी इथे लिहिलं ते पारावर लिहिलं, समजून उमजून. जोंधळाची आत्या माजघरात बोलली होती. तिने एका माणसाला सांगितलं, जो तिच्या ताटात जेवत होता. प्रबंधाला नाही सांगितलं.

चावडी | मंगळवार, सकाळी ८.१५

हे मान्य. दिराबद्दलचं माझं म्हणणं मागे घेत नाही, पण माजघराचा मुद्दा मान्य.

मुळशी_मावळ | मंगळवार, दुपारी १२.४०

सगळे नाव लपवण्याबद्दल बोलताहेत, मी उलट बाजूने लिहितो.

आमच्या भागात हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पुढे काम वाढत जाऊन हजारावर गावं आणि एक लाखाहून जास्त ओव्या झाल्या. त्यात ओवीबरोबर बाईचं नाव आणि गाव नोंदलेलं आहे. आता ग्रामीण भारताच्या गोष्टी जपणाऱ्या 'पारी'च्या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या येतात, काहींचा आवाज आहे, फोटो आहे. माझ्या आजीच्या पिढीच्या बायकांची नावं रेशनकार्डावर सोडून दुसरीकडे कुठे लिहिलेली नव्हती. त्यातल्या एका आजीच्या नातीने मोबाईलवर तिचा आवाज लावला तेव्हा मी तिथे होतो. आजी जाऊन अकरा वर्षं झाली होती. सून हातातलं पीठ तसंच ठेवून उभी राहिली.

त्या ओव्यांतही सासुरवास आहे, नवऱ्याचा मार आहे, भावाने पाठ फिरवल्याचं दुःख आहे. पण म्हणणारीला माहीत होतं की हे तिच्या नावाने जाणार. 'एक विधवा, वय अंदाजे ३५' असं लिहून बाई सुरक्षित होते की पुसली जाते, ते तिलाच विचारायला हवं ना? @जोंधळा, मीही 'सांग' गटात.

सिएटलकर | मंगळवार, रात्री १०.२०

+१. आमच्याकडे याला आता नियमात जागा मिळू लागलीय, "तुमचं नाव वापरू का?" असा वेगळा रकाना असतो. दक्षिण आफ्रिकेत तिथल्या मूळच्या सान लोकांनी तर २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी आणि रीतसर प्रक्रिया. आधी समाजाकडे या, मग विद्यापीठाकडे जा.

अनुस्वार | बुधवार, सकाळी ९.४५

मी पहिल्या प्रतिसादात "सांगू नकोस" लिहिलं होतं. बालाघाट आणि मुळशी_मावळ यांचं वाचून मत बदललं. पण सांगताना दिराकडचं कुणी घरात नसेल असं बघ.

आणि शब्दाबद्दल: 'लोकवर्णन' घेतला मी.

जोंधळा | शनिवार, रात्री १०.५५

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण गावी गेले होते.

आत्याकडे दुपारी गेले. चुलतभावजय शेतात होती, घरात आम्ही दोघीच. आधी नुसता नकाशा दाखवला. तिने चष्मा लावला आणि बोट फिरवत म्हणाली, "पार हिकडं न्हाई, वढ्याच्या अंगाला. चुकलाय मास्तर." मग मी ती अडीच पानं मराठीत करून वाचली. हळूहळू, थांबत थांबत. ती शेंगा फोडत होती, एकदाही हात थांबला नाही. दाराच्या धडकांचं आलं तेव्हा म्हणाली, "हे मी सांगितलं व्हतं खरं." दिराचं आलं तेव्हा म्हणाली, "खरं हाय ते. र्‍हाऊ दे लिवलेलं. पर त्यात आक्कीचं नाव काढलंय ते काढाय नको व्हतं, तिनं शपथ घातली व्हती." आक्की म्हणजे तिची नणंद. माझ्या डोक्यात आठवडाभर जमीन आणि दीर होते, तिला खुपली ती एक ओळ. नणंदेचं नाव सरांनी बदललंय, पण 'धाकटी नणंद' म्हटल्यावर गावाला कोण ते कळतंच.

पानं संपल्यावर तिने टोपली बाजूला केली आणि विचारलं, "फोटू हायत का त्यात?"

तेव्हा कळलं. सर पहिल्यांदा आले तेव्हा आत्येमामा होते. गिरणीच्या पट्ट्यापाशी उभे असताना सरांनी त्यांचा फोटो काढला होता, पाठवतो म्हणाले होते. पुढच्या पावसाळ्यात मामा गेले. आत्याकडे त्यांचा एकही फोटो नाही, लग्नात काढलाच नव्हता. सर पुन्हा आले तेव्हा तिने मागितला होता, ते म्हणाले पुण्याला आहे. मग ते आलेच नाहीत. २०१४ मध्ये गेले, हे मला परवा कळलं.

पीडीएफमध्ये मी तिला तो दाखवला. गिरणी दिसते, पट्टा दिसतो, माणसाच्या जागी डाग. खाली लिहिलंय, 'गिरणीमालक'. आत्या स्क्रीनकडे बराच वेळ बघत होती. म्हणाली, "टोपी हाय डोक्यावर."

पाटी_पेन्सिल, १९९१ च्या प्रबंधाच्या मूळ प्रतीत फोटो चिकटवलेले असतात ना? ती प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात बघायला मिळेल का? बाहेरच्यांना आत सोडतात का?

पाटी_पेन्सिल | शनिवार, रात्री ११.२०

चिकटवलेलेच असतात. त्या काळी डिंकाने लावायचे, वर पातळ कागद. बाहेरच्यांना महाविद्यालयाच्या पत्रावर एक दिवसाची परवानगी मिळते. पत्र मी उद्या सकाळी लिहून ठेवते. तुझं पूर्ण नाव मला निरोपात कळव. आत्यांनाही आणणार असशील तर त्यांचंही. आणि नणंदेच्या ओळीचं पण बघू. ऑनलाइन प्रतीतलं तेवढं पान बंद करून घ्या म्हणून ग्रंथपालांना अर्ज देता येईल, मसुदा आपण दोघी मिळून करू.

हर्षल८८ | शनिवार, रात्री ११.२६

जोंधळा, फोटोचा फोटो मोबाईलने काढू नका, काच आणि दिव्याची झळाळी येते. माझ्याकडे छोटा फ्लॅटबेड स्कॅनर आहे. मी पुण्यातच आहे, घेऊन येतो.

जोंधळा | शनिवार, रात्री ११.४०

आत्या येणार म्हणते. मंगळवारची सकाळची एसटी. साडेदहापर्यंत पोचू.